ख्रिस्ती सिद्धांतांचा ऑनलाइन कोर्स: पहिल्यांदाच शिकणाऱ्यांसाठी

ख्रिस्ती सिद्धांतांच्या कोर्सला बसलेले बरेच जण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वहीभर व्याख्या उतरवून काढतात. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) म्हणजे काय, देहधारण (देवाच्या पुत्राने मनुष्य होणे) म्हणजे काय, प्रायश्चित्त (ख्रिस्ताच्या मरणाने देव आणि मनुष्य यांचा समेट) म्हणजे काय. क्विझमध्ये मार्क बरे पडतात. मग पहिला निबंध येतो. ‘पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असे निकियाच्या परिषदेला का म्हणावे लागले?’ (पुत्र म्हणजे येशू ख्रिस्त, निकिया म्हणजे ३२५ मध्ये भरलेली बिशपांची, म्हणजे प्रमुख धर्माधिकाऱ्यांची, परिषद) असा काहीसा प्रश्न असतो आणि सगळी घोकंपट्टी थिटी पडते. तिथे ‘का’ विचारलेले असते आणि पाठ केलेल्या व्याख्येत ‘का’चे उत्तर नसते.

माझा सगळा सल्ला एका गोष्टीभोवती फिरतो. मंडळीचे, म्हणजे ख्रिस्ती चर्चचे, बहुतेक सिद्धांत कुठल्या ना कुठल्या वादातून ठरले. तो वाद नीट समजून घेतला की व्याख्या आपोआप लक्षात राहते आणि निबंधही लिहिता येतो. वर्गात बसून शिकताना प्राध्यापक हा वाद रंगवून सांगतात. ऑनलाइन शिकताना बऱ्याचदा तो तुमचा तुम्हालाच उभा करावा लागतो.

नाव नोंदवण्याआधी

कॉलेज कोणत्या परंपरेचे आहे ते आधी पाहा: कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लूथरन, रिफॉर्म्ड, बॅप्टिस्ट, पेंटेकोस्टल, की कुठल्याही मंडळीशी न जोडलेले विद्यापीठ. त्रैक्याच्या पाठात फारसा फरक दिसणार नाही, पण बाप्तिस्मा, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी), मंडळीचा अधिकार हे विषय आले की पाठ्यपुस्तकाची बाजू स्पष्ट होते. बाजू असणे गैर नाही. ती कोणती हे मात्र तुम्हाला ठाऊक हवे. काही कॉलेजे प्रवेशाच्या वेळी विश्वासाच्या निवेदनावर सही मागतात. ते निवेदन शेवटपर्यंत वाचा. पटत नसेल तर सही करू नका, दुसरे कॉलेज शोधा.

कोर्सच्या नावावरही जाऊ नका. एखादा कोर्स सिद्धांत विषयवार मांडतो: देव, सृष्टी, मनुष्य, पाप, ख्रिस्त, तारण, मंडळी, अंत्यकाळ. दुसरा तेच सिद्धांत कालक्रमाने, इतिहास म्हणून शिकवतो. नवख्या माणसाने शक्य असेल तर दुसऱ्या प्रकारापासून सुरुवात करावी असे माझे मत आहे. तसा कोर्स मिळाला नाही तर इतिहासाची जोड स्वतः द्यावी. ती कशी द्यायची ते पुढे सांगतो. क्रेडिट पुढे दुसऱ्या पदवीला धरले जावेत अशी इच्छा असेल, तर कॉलेजला कोणाची मान्यता आहे आणि ती तुमच्या पुढच्या संस्थेला चालते का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या.

तुम्ही ख्रिस्ती नसाल तरी हा कोर्स तुमच्यासाठी आहे. निबंधात तुमची श्रद्धा सहसा तपासत नाहीत. एखादा सिद्धांत तो मानणाऱ्यांना ओळखू येईल असा तुम्ही मांडता का, हे तपासतात.

पहिला आठवडा सिलॅबससाठी

डेडलाइन कॉलेजच्या घड्याळाप्रमाणे असतात. ‘रविवारी रात्री ११:५९’ म्हणजे तुमच्याकडे कदाचित सोमवारची सकाळ किंवा रविवारची दुपार. सगळ्या तारखा एकदाच आपल्या वेळेत बदलून भिंतीवर लावा. नंतर कोणत्या कामाला किती टक्के गुण ते बघा. निबंधांना निम्म्याहून जास्त वजन असेल तर वाचनाची टिपणेही निबंधाच्या सोयीने काढायची. संदर्भ कोणत्या पद्धतीने द्यायचे, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना कुठवर परवानगी आहे, उशीर झाला तर किती गुण कापतात, या तीन गोष्टींवर खूण करून ठेवा.

वेळेचा हिशेब साधा आहे. क्रेडिट पद्धतीत साधारणपणे वर्गातल्या एका तासामागे घरचे दोन तास धरतात. तीन क्रेडिटचा कोर्स १५ आठवड्यांचा असेल तर आठवड्याला सुमारे ९ तास लागतात. तोच कोर्स ८ आठवड्यांत बसवला असेल तर सुमारे १७. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनी हा दुसरा आकडा बघूनच निर्णय घ्यावा. आठ आठवड्यांचे कोर्स झटपट संपतात म्हणून आकर्षक वाटतात, पण हा विषय मुरायला वेळ मागतो.

पाठ्यपुस्तकाआधी तीन छोटे मजकूर

पाठ्यपुस्तक उघडण्याआधी प्रेषितांचा विश्वासांगीकार (श्रद्धेची थोडक्यात कबुली), निकियाचा विश्वासांगीकार आणि खाल्सेदोनच्या परिषदेने ४५१ मध्ये केलेली ख्रिस्ताविषयीची व्याख्या वाचा. तिन्ही मिळून तासाभरात संपतात. आज उपासनेत म्हटला जाणारा निकियाचा विश्वासांगीकार म्हणजे ३२५ चा मूळ मजकूर जसाच्या तसा नाही. त्याचे आजचे रूप ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडले जाते आणि पवित्र आत्म्याविषयीचा विस्तार त्यात आहे. हा फरक लक्षात ठेवला तर अर्धे गोंधळ टळतात.

वाचताना पेन्सिल हातात घ्या आणि प्रत्येक वाक्यापाशी विचारा, हे वाक्य कोणाला उत्तर देते आहे? ‘जनित, निर्मित नव्हे’ हे शब्द पुत्राला सृष्टीतला पहिला जीव मानणाऱ्यांना उद्देशून आहेत. ‘पंतय पिलाताच्या अमलाखाली’ हे शब्द पाहा. एका रोमी अधिकाऱ्याचे नाव श्रद्धेच्या कबुलीत आले आहे. ज्याच्यावर विश्वास ठेवायचा तो विशिष्ट काळात, विशिष्ट राजवटीत खरोखर दुःख भोगून मेला, असा ठाम दावा त्यात आहे. ख्रिस्ताचे शरीर केवळ भासमान होते असे म्हणणारे लोक होते, हे माहीत असले की या नावाचे वजन कळते.

निकियाच्या मजकुरात आणखी एक जागा शोधा. पवित्र आत्मा पित्यापासून निघतो, की पित्यापासून ‘आणि पुत्रापासून’? पाश्चात्त्य मंडळ्यांनी ते दोन शब्द नंतर घातले. पौर्वात्य मंडळ्यांनी ते कधीच मान्य केले नाहीत. १०५४ मध्ये रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांच्यात जी फूट पडली तिच्या कारणांत हाही वाद होता. तुमच्या हातातल्या प्रतीत ते शब्द आहेत की नाहीत, यावरून ती कोणत्या बाजूने आली ते ओळखता येते.

एक सिद्धांत, एक पान

माझ्या मते सर्वात उपयोगी पडणारी सवय हीच. प्रत्येक सिद्धांतासाठी एकच पान ठेवा आणि त्यावर चार प्रश्नांची उत्तरे आपल्या शब्दांत लिहा. वाद कशावरून पेटला? दोन्ही बाजू काय म्हणत होत्या? दोघांच्या हाती पवित्र शास्त्रातली कोणती वचने होती? आणि हरलेली बाजू जिंकली असती तर बाकीच्या श्रद्धेचे काय झाले असते?

निकियाचे पान भरून बघू. एरियस हा अलेक्झांड्रियाचा प्रेस्बितर (धर्मगुरू). त्याचे म्हणणे, देव एकच आणि अनादी, म्हणून पुत्राला आरंभ असलाच पाहिजे. पुत्र सर्व सृष्टीच्या आधीचा, सर्वांत श्रेष्ठ, पण निर्माण केलेलाच. हे म्हणणे उडवून लावण्याजोगे नव्हते. त्याच्याकडे वचने होती. ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ (योहान १४:२८). नीतिसूत्रे ८:२२, जिथे ज्ञान आपण परमेश्वराच्या कार्याच्या आरंभी उत्पन्न झालो असे सांगते. कलस्सै १:१५, जिथे ख्रिस्ताला सर्व उत्पत्तीत ज्येष्ठ म्हटले आहे. समोरच्या बाजूकडे योहान १:१ होते, योहान १०:३० होते, आणि मंडळी सुरुवातीपासून ख्रिस्ताची उपासना करत आली होती ही वस्तुस्थिती होती. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ मध्ये निकियाला परिषद बोलावली. तिथे अथनेशियस आपल्या बिशपासोबत डीकन (बिशपाचा सहायक) म्हणून हजर होता. पुढे तो स्वतः बिशप झाला आणि याच वादापायी पाच वेळा हद्दपार झाला. परिषदेने निकाल दिला म्हणून वाद मिटला नाही, हे या पाच हद्दपाऱ्यांवरून कळते.

चौथ्या प्रश्नापाशी खरा उलगडा होतो. अथनेशियसचा आग्रह असा होता की निर्माण केलेला कोणीही निर्माण केलेल्यांना देवाशी जोडू शकत नाही. पुत्र सृष्टीचा भाग असेल तर तारण अधांतरी राहते आणि त्याची उपासना मूर्तिपूजा ठरते. म्हणजे देवाविषयीचा हा वाद तारणाविषयीचाही होता. हे एकदा दिसले की ‘एकतत्त्व’ हा शब्द पाठ करावा लागत नाही.

त्रैक्याच्या पाठात एक इशारा. पाणी, बर्फ आणि वाफ हा दाखला तुम्हाला कोणीतरी देईलच. तो तपासून बघा. एकच पाणी वेळेनुसार तीन रूपे घेते असा त्याचा अर्थ निघतो आणि नेमके हेच मत तिसऱ्या शतकात सबेलियसच्या नावाने ओळखले गेले आणि मंडळीने नाकारले. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पुत्र पाण्यातून वर येतो, आत्मा उतरतो आणि पिता बोलतो, तिन्ही एकाच वेळी (मत्तय ३:१६-१७). पाण्याच्या दाखल्यात हे बसत नाही. तीन माणसे आणि एक मनुष्यजात असा दाखला घेतला तर तीन देव होतात. निबंधात दाखला द्यायचाच असेल तर तो कुठे तुटतो हेही त्याच परिच्छेदात लिहा. प्राध्यापकांना त्यातून तुमची समज दिसते.

ख्रिस्ताविषयीचे पान दाटीवाटीचे होईल, कारण तिथे सव्वाशे वर्षांचा वाद आहे. चौथ्या शतकातला बिशप अपोलिनारिस म्हणाला, येशूत मानवी मनाच्या जागी देवाचा शब्द (म्हणजे पुत्र) होता. नाझियांझसच्या ग्रेगरीने उत्तर दिले की ख्रिस्ताने जे धारण केले नाही ते बरेही झाले नाही. मानवी मन घेतले नसेल तर मानवी मनाचे तारण कसे? कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस याने मरियेला ‘देवमाता’ म्हणण्याला हरकत घेतली आणि ४३१ मध्ये इफिसच्या परिषदेने त्याला दोषी ठरवले. युटिकीस या मठवासीच्या मांडणीत मानवी स्वभाव दैवी स्वभावात विरून गेला. खाल्सेदोनने ४५१ मध्ये सांगितले: एक व्यक्ती, दोन स्वभाव. त्यांत मिसळ नाही, बदल नाही, विभागणी नाही, वियोग नाही. हे चार नकार लक्षपूर्वक वाचा. देव आणि मनुष्य एका व्यक्तीत कसे एकत्र आले याचे स्पष्टीकरण परिषद देत नाही. कोणत्या दिशेला गेलात तर घसराल एवढेच ती सांगते. माझ्या मते ही संपूर्ण अभ्यासक्रमातली सर्वांत प्रामाणिक व्याख्या आहे. कॉप्टिक, आर्मेनियन आणि सिरियाक परंपरेच्या काही मंडळ्यांनी ती स्वीकारली नाही आणि त्या आजही जिवंत आहेत, हेही पानावर लिहा.

वचनांचा पूर्ण अध्याय वाचा

पाठ्यपुस्तकात कंसात वचनांची रांग असते. घाईत ती डोळ्याआड करू नका, पण सगळीच उघडत बसलात तर आठवडा पुरणार नाही. प्रत्येक पाठाला दोन वचने निवडा आणि त्यांचा पूर्ण अध्याय वाचा. रोम ३:२८ म्हणते की मनुष्य नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब २:२४ म्हणते की केवळ विश्वासाने ठरत नाही, क्रियांनी ठरतो. नुसती दोन वाक्ये शेजारी ठेवली तर सरळ विरोध दिसतो. अध्याय वाचला की पौल कोणाशी बोलतो आणि याकोब कोणत्या पोकळ विश्वासावर चिडला आहे ते समजते. मग हा विरोध कितपत खरा, यावर तुम्हाला स्वतःचे मत बनवता येते.

परंपरांमधला फरक नीट मांडा

१६ व्या शतकातल्या धर्मसुधारणेपासून पुढचे पाठ वाचताना ‘हे बरोबर, ते चूक’ असा शेरा मारण्याची घाई होते. थोडे थांबा. १५२९ मध्ये जर्मन सुधारक मार्टिन ल्यूथर आणि स्विस सुधारक झ्विंग्ली मारबुर्गला भेटले. १५ कलमांपैकी १४ वर त्यांचे जमले. उरले फक्त प्रभुभोजनाचे. ‘हे माझे शरीर आहे’ हे शब्द ल्यूथरने लॅटिनमध्ये मेजावर खडूने लिहून ठेवले होते असे सांगतात, आणि तो त्या शब्दांवरून हलला नाही. झ्विंग्लीच्या दृष्टीने भाकर शरीराचे चिन्ह होती. दोघेही शास्त्रालाच प्रमाण मानत होते. या एका कलमावरून ते वेगळे झाले. ही भेट समजून घेतली तर कॅथलिक, लूथरन आणि रिफॉर्म्ड मंडळ्या प्रभुभोजनाविषयी आजही वेगळे का बोलतात हे सांगता येते.

नीतिमान ठरवण्याच्या सिद्धांतावर ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये कॅथलिक बाजू ठरवली. त्यानंतर साडेचारशे वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, ऑग्सबुर्ग इथे कॅथलिक मंडळी आणि लूथरन वर्ल्ड फेडरेशन यांनी याच विषयावर संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. मूलभूत सत्यांवर एकमत आहे, उरलेले फरक परस्परांना दोषी ठरवण्याइतके नाहीत, असे तिच्यात म्हटले आहे. निबंधात फक्त १६ व्या शतकावर थांबलात तर चित्र अर्धे राहील.

बायबलच्या पुस्तकांची संख्या हाही असाच मुद्दा. प्रोटेस्टंट बायबलात ६६, कॅथलिक बायबलात ७३. नवा करार दोघांचाही २७ पुस्तकांचा. कोणती प्रत वापरता ते पहिल्याच असाइनमेंटमध्ये लिहून टाका.

आठवडा कसा घालवायचा

व्हिडिओ लेक्चर आधी आणि पुस्तक नंतर असा क्रम बहुतेक जण धरतात. मला उलटा क्रम जास्त फळतो असे वाटते: आधी पुस्तकाचा भाग, मग लेक्चर. वाचताना अडलेले प्रश्न हाताशी असले की लेक्चर ऐकताना कान टवकारलेले राहतात. लेक्चर दीडपट वेगाने पळवू नका, निदान ख्रिस्तशास्त्राच्या, म्हणजे ख्रिस्त कोण याच्या, पाठात तरी. एकेक शब्द तिथे महत्त्वाचा असतो. लेक्चर संपल्यावर सगळे बंद करून त्या पाठाचे पान भरा. जे आठवत नाही तेच परत वाचायचे आहे.

चर्चेच्या असाइनमेंटमध्ये ‘छान मांडलेत, सहमत आहे’ एवढे लिहून गुण मिळत नाहीत आणि शिकायलाही होत नाही. सहाध्यायाने दिलेले एक वचन घ्या आणि विरुद्ध बाजू ते कसे वाचेल ते लिहा. भाषा सौम्य ठेवा. पडद्यापलीकडे कोणाची तरी आयुष्यभराची श्रद्धा असते.

निबंध

दोन परिच्छेद शेजारी ठेवतो. पहिला: ‘येशू देव आहे असे बायबल सांगते. निकियाच्या परिषदेने हेच मान्य केले. म्हणून एरियस चुकीचा होता.’ दुसरा: ‘एरियसने योहान १४:२८ वर भर दिला आणि ते वचन त्याच्या बाजूचे दिसते. पाचव्या शतकातला धर्मशास्त्री ऑगस्टीन मात्र ते फिलिप्पै २:६-७ सोबत वाचतो: दासाचे रूप घेतलेला पुत्र पित्याहून लहान, देवाच्या रूपात असलेला पुत्र पित्याच्या बरोबरीचा. हे वाचन पटते का हे फिलिप्पै २ आपण कसे समजतो यावर अवलंबून आहे.’ दुसऱ्यात विरोधकाला त्याचे सर्वांत भक्कम वचन दिले आहे, उत्तर कोणाचे ते सांगितले आहे आणि वाद कुठे अडतो ते दाखवले आहे. लांबी थोडीच वाढली.

निबंधाचा विषय लहान ठेवा. ‘प्रायश्चित्ताचा सिद्धांत’ हा निबंधाचा विषय होत नाही, पुस्तकाचा होतो. ‘अँसेल्मच्या मांडणीत देवाच्या सन्मानाला एवढे महत्त्व का, आणि आबेलार्डने त्याऐवजी प्रेमाच्या उदाहरणावर भर का दिला’ (दोघेही मध्ययुगातले धर्मशास्त्री) हा दहा पानांत मावतो. जिथून ओळ घेतली तिथेच लगेच संदर्भ लिहा, रात्री उशिरा शोधत बसू नका. मूळ लेखकाचा उतारा मिळत असेल तर त्याच्याविषयी दुसऱ्याने लिहिलेले उद्धृत करू नका. अथनेशियस, ऑगस्टीन, ल्यूथर यांचे बरेचसे लेखन जुन्या अनुवादांत ऑनलाइन मोफत वाचायला मिळते.

श्रद्धा हलली तर

श्रद्धावंत विद्यार्थ्याला मध्येच कधीतरी अस्वस्थ वाटते. लहानपणापासून म्हणत आलेल्या विश्वासांगीकारामागे राजकारण होते, हद्दपाऱ्या होत्या, मतदान होते, हे वाचून पायाखालची जमीन सरकल्यासारखी होते. ही अस्वस्थता दाबू नका आणि तिच्या भरात कोर्सही सोडू नका. प्राध्यापकांना ऑनलाइन भेटीची वेळ मागा आणि ग्रेडविषयी न बोलता हाच प्रश्न विचारा. बहुतेकांनी हा प्रश्न स्वतः झेललेला असतो. आपल्या पाळकांशी किंवा धर्मगुरूंशीही बोला, पण त्यांना आधी नीट सांगा की तुम्हाला उत्तर हवे आहे की कोणीतरी ऐकून घ्यायला हवे आहे.

शेवटचे आठवडे

मंडळी, संस्कार आणि अंत्यकाळ हे पाठ शेवटी येतात आणि तोवर सगळ्यांची दमछाक झालेली असते, त्यामुळे हेच भाग सर्वांत कच्चे राहतात. यासाठी शेवटचा निबंध शक्य तितका आधी सुरू करा, निम्मा कोर्स झाला की लगेच, म्हणजे शेवटचे दोन आठवडे वाचनाला मोकळे मिळतील. अंत्यकाळाच्या पाठात प्रकटीकरणातल्या हजार वर्षांवर (२०:१-६) फार वेळ जातो. तेवढाच वेळ १ करिंथ १५ ला द्या. मृतांच्या पुनरुत्थानाविषयी पौलाने तिथे जे मांडले आहे त्यावर बाकीचे सगळे उभे आहे, आणि अंतिम परीक्षेत सृष्टी, ख्रिस्त आणि तारण या तिन्हींना जोडणारा प्रश्न आला तर याच अध्यायातून उत्तर सुरू करता येते.